ज्वारीच्या भाकरीत तांदळाची पिठी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बार्शीला बहिणीशी रोज फोनवर बोलते, तिलाही नाही. तुम्हाला सांगते — तुम्ही आमच्या घरातले नाही, म्हणून असेल.

केतकी माझी सून. तिला दिवस गेले तेव्हा मी इथे परदेशात, श्रूजबरीला आले, तिचं सगळं करायला. सातव्या महिन्यात तिच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरीणबाईंनी गोड बंद केलं, भात बंद केला. ज्वारीची भाकरी मोजून चालेल म्हणाल्या. मी मनातून खूशच झाले. भाकरी म्हणजे माझा हातखंडा.

पण इथल्या दुकानातलं पीठ जुनं, विरी गेलेलं, चिकटपणा नसलेलं. थापायला घेतलं की कडा फाटायच्या, तव्यावर टाकताना तुकडे व्हायचे. बार्शीची बाई मी — आणि सुनेच्या ताटात तुकडे वाढायचे? मी त्यात तांदळाची पिठी मिसळायला लागले. आधी मूठभर, मग निम्मी. भाकरी मऊ व्हायची, टम्म फुगायची. केतकी कौतुक करायची आणि मला ते आवडायचं.

भात बंद आहे हे मला माहीत नव्हतं का? होतं. मग पिठी कशाची असते, हे कुणी सांगायला हवं होतं का?

तिची साखर वाढतच गेली. बोटं टोचून टोचून बधिर झाली होती. तिने फळं सोडली, दूध सोडलं. भाकरी तेवढी खायची — ती चालते ना. माझा मुलगा निखिल चिडायला लागला. एकदा जेवताना म्हणाला, "ऑफिसमध्ये काय खातेस? खरं सांग. डॉक्टरपण तेच विचारतेय."

केतकी रडायला लागली. आणि मी — मी तिच्या ताटात भाकरी वाढली.

इन्सुलिन सुरू झालं. रोज पोटात सुई. तरी मी पिठी सोडली नाही. भाकरी एकदम तुटायला लागली असती, तर तिने कारण विचारलं असतं. एवढी मी भित्री.

ईरा जन्मली आणि त्या एवढ्याशा बाळाची साखर एकदम खाली गेली. काचेच्या पेटीत ठेवलं होतं तिला, इवल्याशा हाताला नळी लावून. ईरा वाचली. केतकीने मात्र पुन्हा मूल नको म्हटलं. माझ्यामुळे पोरीचे हाल झाले, म्हणते. अजून म्हणते.

परवा तिच्या मैत्रिणीचा फोन होता. तिलाही दिवस गेलेत, तिलाही शुगर निघालीय. मी ओट्याशी भाकरी थापत होते. केतकी सांगत होती, "यार, कोणी विश्वासच ठेवत नाही. निखिलनेपण नाही ठेवला. फक्त आमच्या आईंनी मला एकदाही विचारलं नाही, काय खातेस म्हणून."

मी काय विचारणार होते? ती काय खात होती, ते मला माहीत होतं.