सरकीची थैली

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होतं. नागपूरहून डिप्लोमा घेऊन मी अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत इंजिनाच्या देखरेखीला लागलो होतो. घराणं अमरावतीचं, भिक्षुकीचं. त्यामुळे दसऱ्याला इंजिनाची पूजाही मीच सांगायची असं ठरलं. मालकांचा भटजीचा खर्च वाचला. मला मात्र वाटायचं, आपल्याला अकलेसाठी ठेवलंय.

इंजिन एका सिलिंडरचं. फार थरथरायचं आणि दर हंगामाला क्रँकची बेअरिंगं खायचं. हा रोग मी मुळापासून काढणार होतो. दसऱ्याच्या आधी इंजिन खोललं, नुसता क्रँक दोन सपाट रुळांवर ठेवला. तो दर वेळी घरंगळून एकच बाजू खाली करायचा, जिथे त्याला लोखंडी वजनं बसवलेली होती ती. समतोल क्रँक कुठेही ठेवा, तिथेच राहतो, असं माझ्या पुस्तकात होतं. म्हणजे वजनं जास्त झाली. मी पुस्तक मिटलं.

फॅक्टरीतले जुने मिस्त्री बाळापूरचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. वजनांना हात लावू नका, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मी त्यांना इंग्रजी आकृती दाखवली.

त्याच दिवशी इंजिनामागच्या खिळ्यावर मला सरकीची एक शिवलेली थैली दिसली. मिस्त्रींच्या घरी म्हैस होती हे मला ठाऊक होतं. झालं! मालकाची सरकी चोरून नेतात, असं मी जाऊन मालकांना सांगितलं आणि वर स्वतःच्या चौकस नजरेचं कौतुकही केलं. मालकांनी मिस्त्रींना विचारलं. ते एवढंच म्हणाले, "साहेबाले इचारा. थे शिकलेले हायेत." मालकांनी त्यांना कामावरून काढून घरी पाठवलं. सरकी मी फॅक्टरीच्या बैलांपुढे ओतली. थैलीला चामड्याचा फास होता; म्हशीच्या आंबोणाच्या थैलीला फास कशाला लागतो, हे मला सुचलं नाही.

मग निवांतपणे वजनांना भोकं पाडून मी ती हलकी केली. क्रँक रुळांवर कुठेही थांबू लागला. आनंदाने मी दोन दिवस नीट जेवलो नाही.

दसऱ्याला मंत्र म्हटले, नारळ फोडला, इंजिन सुरू केलं. पूजेचं तबक नाचत नाचत जमिनीवर आलं. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मुहूर्त चुकला असावा, असं मी म्हणालो. मुहूर्त मीच काढला होता. तासाभरात बेअरिंगमधून धूर निघाला.

तेव्हा कुठे मी पुस्तकाचं पुढचं पान उलटलं. एका सिलिंडरचा क्रँक नुसता तोलायचा नसतो. पिस्टन आणि त्याला क्रँकच्या पिनीशी जोडणारा दांडा यांच्या वाट्याचं वजन आधी त्या पिनीला टांगायचं आणि मग तोलायचा. ती वजनं पिस्टनसाठीच होती. आणि पिनीला टांगायचं वजन मी बैलांना खाऊ घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाळापूरला गेलो. मिस्त्रींनी आधी पाणी दिलं, मग सगळं ऐकून घेतलं. मला रडू येत होतं.

"मी चोर नोहोतो, हे मालकाले माझ्यासमोर सांगा," ते म्हणाले.

त्यांना घेऊन फॅक्टरीत आलो आणि सगळ्या कामगारांदेखत मालकांना सांगितलं. मालक पोट धरून हसले, कामगारही हसले. मिस्त्री हसले नाहीत. मी पाडलेल्या भोकांत त्यांनी शिसं ओतलं, नवी थैली मापाने भरून पिनीला अडकवली आणि क्रँक तोलला. इंजिन असं चाललं, की दिवसभरानंतरही बेअरिंग हाताला कोमटच लागलं.

संध्याकाळी फॅक्टरीतून निघताना ते माझ्यासमोर थांबले. भाकरीचं फडकं सोडून त्यांनी पुढे धरलं.

"पाहून घ्या, साहेब."

मी हात जोडले, नको म्हणालो. ते तसेच उभे राहिले. शेवटी मी पाहिलं, तेव्हा फडकं बांधून ते गेले. ते नोकरीत होते तोवर, रोज संध्याकाळी, मला त्या रिकाम्या फडक्यात पाहावं लागलं.