परीक्षेच्या सकाळी मुलं मोजणाऱ्या बाई

वत्सलाबाई काळबांडे यांना मी प्रथम पाहिले ते सक्करदऱ्याच्या आमच्या प्राथमिक शाळेच्या ओसरीवर. साठचे दशक संपत आले होते. नवा शर्ट, केसांना चोपून तेल आणि हातात नेमणुकीचा कागद, असा मी उभा होतो. मुख्याध्यापिका असलेल्या बाईंनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "चौथीत जा मास्तर, अन् पोरं मोजून या." मी मोजून आलो आणि अडतीस सांगितले. "एकोणचाळीस," बाई म्हणाल्या. "एक पोरगी रांजणापाशी पाणी पिऊन राहिली. तुम्हाले दिसली नाही का?" नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी मोजणीत नापास झालो.

बाईंची शिस्त, त्यांचा कडक आवाज, याविषयी या गौरवग्रंथात इतरांनी लिहिले असेलच. मायेविषयी मी एवढेच सांगतो की मला विषमज्वर झाला तेव्हा महिनाभर बाईंनी स्वतःच्या वर्गाबरोबर माझाही वर्ग सांभाळला. रोज मऊ खिचडीचा डबा खोलीवर यायचा. बरा होऊन मी आभार मानायला गेलो, तर "तुमच्या पोरांचे पाढे कच्चे आहेत," एवढेच ऐकायला मिळाले.

पण मला खरे लिहायचे आहे ते एका परीक्षेबद्दल. ते टाळून बाईंचा गौरव करणे मला शोभणार नाही.

तेव्हा चौथीची केंद्र परीक्षा असे. आठ-दहा शाळांची मुले एका केंद्रावर बसायची, सगळ्यांना एकच छापील पेपर. सकाळी भाषा, दुपारी गणित. कोणत्या शाळेचा निकाल किती टक्के, हे पुढे वर्षभर बोलले जाई. टक्केवारी काढत ती परीक्षेला बसलेल्या मुलांवरून, त्यामुळे पुष्कळ शाळांतली कच्ची मुले नेमकी त्या दिवशी 'आजारी' पडत. बाईंना हा प्रकार मुळीच खपत नसे. आणि मी अजून नोकरीत कायम झालो नव्हतो. निकाल चांगला लागला तर शेरा चांगला मिळेल, असे पर्यवेक्षकांनी सुचवून ठेवले होते.

वर्गात शेवंता नावाची मुलगी होती. सक्करदऱ्याच्या तळ्याच्या बाजूला तिचे वडील भाजीचा मळा करत. मुलगी अबोल, वाचताना अडखळणारी. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी तिला बाजूला घेऊन सांगितले, "उद्या नाही आलीस तरी चालेल." तिने मान हलवली. मला हायसे वाटले, हे लिहिताना आज लाज वाटते.

परीक्षेच्या सकाळी बाई केंद्राच्या फाटकाशी उभ्या राहून मुले मोजत होत्या. "एक कमी आहे. शेवंता काहून नाही आली?" मी म्हणालो, "बरं नसेल." घंटा झाली, भाषेचा पेपर सुरू झाला. बाईंनी गैरहजेरीचा तक्ता माझ्यापुढे ठेवला. त्यात कारणाचा रकाना होता. "लिहा कारण," त्या म्हणाल्या. मी टाक हातात घेतला आणि तसाच बसून राहिलो. बाईंना काय समजायचे ते समजले.

"सायकल काढा, मास्तर. पोरीले घेऊन या."

"बाई, आता आणली तर एका पेपरात गैरहजर म्हणून ती नापासच होणार. निकाल खाली जाईल. त्यापेक्षा पूर्ण दिवस गैरहजर राहिलेली बरी."

"तुमचा निकाल राहू द्या बाजूले. तिले तिचं गणित सोडवू द्या."

मी गेलो. शेवंता मळ्यात मेथीच्या जुड्या बांधत होती. सायकलवर मागे बसून ती केंद्रावर आली, हाताला मेथीचा वास घेऊन पेपरला बसली.

निकाल लागला. शेवंता गणितात चांगल्या गुणांनी पास झाली होती. भाषेत गैरहजर, म्हणून एकूण नापास. आमच्या शाळेत नापास झालेली ती एकटीच. ती तिच्या कच्चेपणामुळे नापास झाली नव्हती, माझ्यामुळे झाली होती.

वडिलांनी तिचे नाव काढायचे ठरवले. बाई मला घेऊन त्यांच्या घरी गेल्या. "पोरगी नापास झाली बाई, आता शाळेत धाडून का करू?" असे ते म्हणाले, तेव्हा बाईंनी गुणपत्रिका पुढे केली. "हे पहा भाऊ, गणितात पास आहे. सकाळचा पेपर बुडाला तो शाळेच्या चुकीनं. पोरीची चूक नाही." मी शेजारी सायकल धरून उभा होतो आणि जमिनीकडे पाहत होतो. चूक कोणाची, हे सांगायची ती वेळ होती. मी गप्प राहिलो. शेवंतानेही माझ्याकडे बोट दाखवले नाही.

तिचे नाव राहिले. पुढच्या वर्षी ती पास झाली, सातवीपर्यंत शिकली. मी कायम झालो. कसा झालो, हे पुष्कळ वर्षांनी मीच त्या शाळेचा मुख्याध्यापक झालो तेव्हा जुन्या फायलीत सापडले. मुलगी सकाळी का नव्हती, याचा खुलासा वरून मागितला होता. बाईंच्या अक्षरात उत्तर होते: 'वेळेची सूचना देण्यात मुख्याध्यापिकेकडून हयगय झाली.' खाली त्यांना मिळालेली लेखी ताकीद जोडलेली होती. माझे नाव कुठेच नव्हते. एवढ्या वर्षांत त्यांनी मला एका शब्दानेही ते जाणवू दिले नाही.

गेल्या आठवड्यात मी शेवंताकडे गेलो आणि वीस वर्षे उशिराने सगळे बोललो. ती शिवणयंत्रावर बसली होती. म्हणाली, "मले माहीत होतं गुरुजी. बाईले मी तवाच सांगतलं होतं. त्याइनं म्हटलं, मास्तर स्वतः सांगतीन, तू वाट पाहा." तिची मुलगी यंदा माझ्याच शाळेत चौथीत आहे.

निवृत्त झाल्यावरही बाई दर परीक्षेच्या सकाळी फाटकाशी येतात आणि मुले मोजतात. बाई, तुमचे गुडघे शाबूत राहोत, नजर तीक्ष्ण राहो, आणि शंभरी गाठली तरी त्या फाटकाशी तुम्हीच असा. ते काम माझ्यावर सोपवू नका. एकदा मी एक मुलगी मोजली नव्हती.