खंडेनवमीचं कुंकू

कनेरगाव नाक्यावर रस्त्याच्या कडेला माझं गॅरेज होतं. उभं आयुष्य ट्रकची नि ट्रॅक्टरची इंजिनं उघडण्यात गेलं. खंडेनवमीला पान्हे, हातोडे, जॅक धुऊन पाटावर मांडायचे, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. गॅरेज बंद केल्यावर हीच पूजा घरी करू लागलो.

सहा वर्षांपूर्वी पान्ह्यांच्या शेजारी मी मुलाची हार्ड डिस्कही ठेवली. तीही कामाचीच वस्तू. पाणी शिंपडताना तांब्या कलंडला आणि वायर लावायच्या खाचेतून कुंकवाचं पाणी डिस्कच्या आत गेलं. मी ती उपरण्यानं पुसली आणि कपाटावर होती तिथं ठेवून दिली. ओल्या हातानं वायरीला शिवले म्हणून हाताखालच्या माणसांना शिव्या घालणारा मी.

दसरा झाल्यावर मुलानं डिस्क लावली. दिवाही लागला नाही.

"कुणी पाडली?"

सून म्हणाली, "घट बसायच्या आधी कपाट मी पुसलं. पण पाडली न्हाई."

"मग आपोआप बिघडली व्हय? तुझ्याच आईचं गेलं त्यात, तरी ध्यान न्हाई."

मी समोरच भाकरी खात होतो. खात राहिलो.

डिस्कमध्ये नातीच्या बारशाचा व्हिडिओ होता. त्यात सुनेची आई पाळणा म्हणत होती. बारशानंतर चार महिन्यांत ती बाई गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठंच नव्हता.

पुढं घरात एक बोलणंच पडून गेलं. सुनेच्या हातात मोबाइल द्यायचा असो की काचेची बरणी, मुलगा म्हणायचा, "जपून. डिस्कची गत करू नको." पहिलं वर्षभर ती उलटून बोलायची. नंतर नुसती वस्तू घ्यायची. हे मी सहा वर्षं ऐकलं.

यंदा उन्हाळ्यात डोळ्यांचं औषध आणतो म्हणून सांगितलं आणि डिस्क पिशवीत घालून हिंगोलीला गेलो. कॉम्प्युटर दुरुस्तीवाला दुकानदार पन्नाशीचा होता. त्यानं स्क्रू काढले, भिंग लावलं आणि हसला.

"चाचा, इसको पूजा में बिठाया था क्या?"

मी मान हलवली.

"पूजा बराबर हुई है. अंदर तक लाल है." मग मराठीत म्हणाला, "बोर्ड गंजलं. पण ही कुठं पडलेली न्हाई. तसलंच बोर्ड मिळालं तर बघू."

बोर्ड मिळायला दोन महिने गेले, मला तीन खेपा पडल्या. गुडघे बोलायला लागले. बरेच फोटो निघाले. बारशाच्या व्हिडिओचं चित्र फाटलेलं, सगळीकडे हिरवे चौकोन. आवाज मात्र स्वच्छ होता. त्यानं सगळं एका पेन ड्राइव्हमध्ये भरून दिलं.

घरी आलो तेव्हा सून लसूण सोलत होती. मी म्हणालो, "डिस्क मी भिजवली होती. पूजेत. तू पाडली नव्हतीस."

तिनं वर पाहिलं नाही. "मी पाडली न्हाई हे मला काहून सांगून राहिले, मामा? ते मला तवापासून ठाऊक हाय. त्यांना सांगा."

थोड्या वेळानं मुलगा आला. तो बूट काढत होता तेव्हाच, तिच्यासमोर, सांगून टाकलं.

"तवाच काहून न्हाई सांगितलं, बाबा?"

"तू माझ्यावर ओरडशील म्हणून."

सत्तर वर्षांच्या माणसाचं हे उत्तर. पण खरं तेच होतं. तो हातपाय धुवायला गेला. नळ बराच वेळ चालू राहिला.

बाहेर आल्यावर त्यानं पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. हिरव्या चौकोनांमागून पाळणा सुरू झाला. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. हातातला लसूण तसाच. पाळणा संपला. मुलानं पेन ड्राइव्ह काढला आणि तिच्यापुढं धरला.

जपून, असं तो म्हणाला नाही.