देवीनं फूल दिलं, कॉलेज मी दिलं

ओल्या मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, वास आला की मला आमच्या मोहल्ल्यातल्या देवळातली ती सकाळ आठवते. मी चौथी शिकलेला टेलर, आणि माझ्या थोरलीला दोन कॉलेजांनी बोलावलं होतं, एकानं कॉम्प्युटर सायन्सला, दुसऱ्यानं बिझनेसला. तिला कॉम्प्युटरच हवा होता. तिचा मामा बँकेत साहेब, तो म्हणाला, "भावजी, पोरीला ते झेपायचं नाही. सुम्ने, उगाच वाद कशाला, देवीला कौल लावू." आमच्यात लग्नाला, घराला कौल लावतातच, म्हणून मीही मान हलवली. पुजाऱ्यानं मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर कॉम्प्युटर, डावी पडली तर बिझनेस. कापराच्या धुरानं डोळे चुरचुरत होते. डावी पडली. मामानं हात जोडले, "संपलं, नोडी, बघा." पोरगी फरशीकडे बघत राहिली. ती रडली असती तर मी समजूत काढली असती, पण ती रडलीच नाही, आणि तेच मला बघवेना. मी पुढं होऊन ती कळी उचलली, तिच्या वेणीत खोवली आणि म्हणालो, "देवीनं फूल दिलंय, ते घे. कॉलेज मी देतो." पुजारी म्हणाला, "कौल मोडला की देवी कोपते." मी म्हणालो, "माझ्यावर कोपू दे, शिकायचंय हिला." तिथूनच तिला कॉम्प्युटरच्या कॉलेजात नेलं आणि फॉर्मवर माझी वेडीवाकडी सही ठोकली. अजूनही दर शुक्रवारी मी त्याच देवळात जातो, ताठ उभा राहून नमस्कार करतो. देवी रागावली का, ते मी आजवर विचारलेलं नाही. विचारणारही नाही.