बाहेर राहिलेली बाई

छापखान्यात त्याला सगळे टाचणी म्हणत. प्रुफं तपासताना शंका आली की तो छोट्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं ती लिहायचा आणि त्या ओळीपाशी टाचणीनं टोचून ठेवायचा. मजकुरात स्वतःचा शब्द कधी घालायचा नाही. शुद्धलेखन आपलं, वाक्य लेखकाचं, हा त्याचा सव्वीस वर्षांचा नेम. बाइंडिंगची माणसं चेष्टेनं म्हणत, याच्या लग्नाची पत्रिका छापली तेव्हा यानं नवरदेवाच्या नावापाशीही चिठ्ठी टोचली असेल. टाचणी हसायचा नाही, कारण त्यानं खरोखरच टोचली होती.

त्याचा धाकटा भाऊ लेखक होता. अंतराळयानातल्या माणसांवरची त्याची मालिका आठ वर्षं चालू होती, दर सहा महिन्यांनी एक भाग. ती याच छापखान्यात छापली जायची, म्हणून तपासायला टाचणीच्याच टेबलावर यायची. मुखपृष्ठावर धाकट्याचं नाव ठसठशीत. टाचणीचं नाव आत कुठे मुंगीएवढ्या अक्षरातही नव्हतं, कारण तशी पद्धतच नव्हती. आडपडदा न ठेवता सांगायचं तर त्याच्या पोटात दुखायचं. वाचकांची पत्रं आली की प्रकाशकसाहेब ती मोठ्यानं वाचून दाखवत, आणि टाचणी तेवढा वेळ पेन्सिलीला टोक करत बसे. त्याच्या पेन्सिली त्यामुळे फार लवकर संपत.

आणि लिहायचा कसा हा धाकटा? दुसऱ्या भागात यानावर एक निळी पेटी येते, सगळे तिला बघून चळाचळा कापतात, आणि पुढे त्या पेटीचं कुणी नाव काढत नाही. तिसऱ्या भागातल्या ग्रहाला दोन सूर्य, सहाव्या भागात त्याच ग्रहाला एकच. शंभर पानं नुसती रेंगाळायची आणि शेवटच्या दहा पानांत दोन युद्धं आणि एक लग्न उरकायचं. टाचणी चिठ्ठ्या टोचायचा. 'सूर्य एक की दोन?' 'पेटीचं काय झालं?' धाकटा वर 'सर्व ठीक' असं लिहून प्रुफं परत पाठवायचा. चिठ्ठ्या गायब. टाचण्या मात्र आठवणीनं काडेपेटीत भरून परत. प्रकाशकसाहेब म्हणत, "लोकांना चालतंय ना? मग चालू द्या." नेमकं हेच टाचणीला सलायचं. तो चुकतो आणि चालतं. आपण चुकत नाही, आणि आपल्याला कुणी हिंग लावून विचारत नाही.

आई टाचणीकडे राहायची. तिची नजर अधू झाली होती, म्हणून रविवारी दुपारी जेवणं उरकली की तो तिला धाकट्याचा नवा भाग वाचून दाखवायचा. आठवडाभर ज्याच्या नावानं बोटं मोडायची, त्याचंच पुस्तक रविवारी आवाज चढवून उतरवून वाचायचं.

चौथ्या भागात यानावरची एक जोडारी बाई होती. अँटेना बिघडते, ती दुरुस्त करायला बाई कमरेला दोर बांधून यानाबाहेर जाते, तेवढ्यात उल्कांचा मारा सुरू होतो. 'दोर ताणला गेला' या वाक्यावर प्रकरण संपतं. पुढचं प्रकरण थेट दुसऱ्या ग्रहावर, एका मेजवानीत. बाई बाहेर ती बाहेरच.

"ती आत आली का रे?" आईनं विचारलं होतं.

"येईल पुढे."

पाचव्या भागात आली नाही. सहाव्यातही नाही. वाचकांच्या एवढ्या पत्रांत एकालाही तिची आठवण नव्हती. आई मात्र पुस्तक उघडायच्या आधी न चुकता विचारायची. सातव्या भागाच्या वेळी तिनं विचारलं नाही. नुसती पदर सावरून त्याच्याकडे तोंड करून बसली, आणि टाचणीला राहवलं नाही. पान संपलं. त्यानं ते उलटलं नाही आणि तो वाचतच राहिला. बाई जिवंत होती. दोर धरून ती परत आली, तर दार आतून लावलेलं. तिनं खूप ठोठावलं, पण आत सगळे जेवणात दंग. मग तिनं यानाच्या पाठीवरच्या अवजारांच्या कोठडीत बिऱ्हाड थाटलं. यानात काही बिघडलं की ती बाहेरून दुरुस्त करायची, आणि आतले म्हणायचे, आपलं यान नशीबवान आहे हो. टाचणीनं हे कागदावर लिहिलं नव्हतं, म्हणून नेम मोडला असं त्यानं धरलं नाही.

आई जागची हलली नव्हती. "आज काय लिहिलंय माझ्या पोरानं," ती म्हणाली.

टाचणीच्या अंगाचा तिळपापड झाला. माणूस दुसऱ्याच्या नशिबावर जळतो, भावाच्या नावावर जळतो. हा आपल्याच वाक्यांवर जळत होता. तरी पुढच्या प्रत्येक भागात त्यानं बाईची चार पानं घातलीच. चार वर्षं हे चाललं. आई म्हणायची, "त्याचं लिखाण तसं वरखाली असतं बाबा. पण त्या बाईचं आलं की मग बघायला नको." आपणच ते रचतो हे एकदा तरी तिला कळावं, एवढंच टाचणीला हवं होतं. पण सांगणार कुठल्या तोंडानं? आता याचंही श्रेय तुलाच हवं का, असं ती म्हणाली असती.

पंधरावा भाग घेऊन धाकटा रविवारी स्वतःच जेवायला आला. आईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "त्या बाईला आता आत आण रे."

"आणतो, आणतो," धाकटा म्हणाला. कोणती बाई, हे विचारायचंही त्याला सुचलं नाही. वाचक काहीही मागत, तो सगळ्यांनाच 'आणतो' म्हणायचा.

ते 'आणतो' टाचणीला मिरचीसारखं झोंबलं. आज जे छापलंय तेवढंच वाचायचं, त्यानं ठरवलं. कळू दे तिला, लाडका काय दिवे लावतो ते.

आणि त्यानं तसंच वाचलं. चाळीस पानं एका राजाच्या बागेची, मग दीड पानात युद्ध. पुस्तक मिटून त्यानं टेबलावर ठेवलं.

आई म्हणाली, "मधली पानं गाळलीस तू."

"नाही आई. एवढंच आहे."

"गाळलीस. तो समोर बसलाय ना, म्हणून. लहानपणापासून तुला त्याचं बघवत नाही."

टाचणीचं तोंड एवढंसं झालं. गाळल्याचा आरोप साफ खोटा होता आणि पुढचं सगळं खरं होतं. आपण हे कुणाला कधी दिसू दिलं नाही, अशी त्याची समजूत होती.

धाकटाच म्हणाला, "दादा बरोबर वाचतोय गं. मी एवढंच लिहिलंय."

"मग ती बाहेरची बाई?"

"कोणती बाई?"

आईनं मान एका आवाजाकडून दुसऱ्या आवाजाकडे वळवली. "दार ठोठावते ती. अवजारांच्या कोठडीत राहते. तू नाही लिहिलीस?"

"नाही," धाकटा म्हणाला, आणि दादाकडे बघत राहिला.

"मी," टाचणी म्हणाला. "पुस्तकात नाही ते. मी सांगत होतो."

चार वर्षं तो या क्षणाची वाट बघत होता. आई आता डोक्यावरून हात फिरवेल, निदान दोन शब्द तरी बोलेल. आई खुर्चीत नुसती पुढे सरकली.

"मग इतकी वर्षं तिला बाहेर का ठेवलीस? आण की आत."

टाचणी सांगायला सरसावला. हात रिकामे होते. इतकी वर्षं जे घडाघडा आलं ते धाकट्याच्या नावाचं पुस्तक हातात धरून आलं होतं, आणि त्याच्याशिवाय एक ओळ सुचत नव्हती. यासारखी नामुष्की नाही, असं त्याला वाटलं. त्यानं पुस्तक पुन्हा उचललं, मिळेल ते पान उघडलं आणि छापील ओळींवर नजर रोवली.

"त्या दिवशी बाईनं ठोठावणं थांबवलं," तो वाचू लागला. "आणि आतल्या माणसांना पहिल्यांदाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं."

धाकट्यानं खिशातून पेन काढलं. कागदासाठी इकडेतिकडे पाहिलं आणि टेबलावरच्या टाचणीच्याच कोऱ्या चिठ्ठ्या ओढून घेतल्या. टाचणीला ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं आणि त्याचा जीव जळला. हेही आता जाणार. सोळाव्या भागात, ठसठशीत नावाखाली, आणि वर पत्रं येणार. त्याला थांबावंसं वाटलं. पण बाई दारापर्यंत आली होती, आणि आईनं श्वास रोखून धरला होता.

"दादा," धाकट्यानं हळूच विचारलं, "बाईचं नाव काय?"

"भाग चौथा, पान एकोणसाठ," टाचणी पुस्तकावरची नजर न काढता म्हणाला. "तूच ठेवलंयस."

मग त्याला लिहून घेता यावं म्हणून तो जरा सावकाश वाचू लागला.