रुंद स्क्रीनवरचा वाटणीचा कागद

आमच्या सीमाभागात कन्नडमधले कागद मराठीत करून देणं हा माझा धंदा. टेबलावर दोन मॉनिटर होते, डावीकडच्यावर कन्नड, उजवीकडच्यावर मराठी. दिवसभर मान इकडून तिकडे फिरवून दुखायची. खडेबाजारातला दुकानदार म्हणाला, एकच रुंद स्क्रीन न्या, आठ दिवस वापरा, नाही पटली तर परत आणा. एवढा चांगुलपणा पाहून मला संशय आलाच. आधी कुणी वापरून परत केलेली तर नाही ना, म्हणून घरी आल्यावर खोक्याची चिकटपट्टी निरखून पाहिली.

हा स्वभाव वडिलांचा. आप्पांचं शिक्षण मराठीत, जमिनीचे कागद कन्नडमध्ये. त्यामुळे घरात आलेला प्रत्येक कागद ते दोन वेगळ्या माणसांकडून वाचून घेत, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता लागू देत नसत. दोघांचं जुळलं तरच सही. मी या धंद्यात पडलो तेव्हा ही पद्धत संपली, असं मी धरून चाललो होतो.

नवी स्क्रीन लावली त्याच आठवड्यात आप्पा वाटणीपत्राचा मसुदा घेऊन आले. वाटणी माझ्यात आणि निपाणीला दिलेल्या थोरल्या आक्कात. मी मसुदा स्कॅन करून स्क्रीनच्या डाव्या अर्ध्यात ठेवला आणि उजव्या अर्ध्यात मराठी टाइप करत मोठ्याने वाचत गेलो. आप्पा मागे खुर्चीत बसले होते.

"दोन्ही एकाच काचेत व्हय?" ते म्हणाले. "पयलं बरं हुतं. ह्यो हिकडं, त्यो तिकडं."

"सोयीचं हाय, आप्पा."

"कुणाच्या?"

मला राग आला, पण म्हाताऱ्या माणसाला यातलं काय कळतंय म्हणून सोडून दिलं.

चार दिवसांनी खडेबाजारात गेलो, तर तिथे अर्ज लिहून देणारा टायपिस्ट म्हणाला, "तुमचं आप्पा आलते की काल. वाटणीचा कागद वाचून घेतला माझ्याकडनं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोटच्या पोराचीही तपासणी! घरी येताच जाब विचारला.

"व्हय, गेलतो," आप्पा म्हणाले. "विहिरीकडचा तुकडा आक्काच्या नावानं हाय, असं त्यानं वाचलं. तुझ्या वाचण्यात त्यो न्हवता."

"स्क्रीन नवी हाय. नजर चुकली असंल."

आप्पा उठून आत गेले.

नजर चुकली नव्हती. ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती, मानसुद्धा वळवावी लागली नव्हती. आक्का निपाणीला बसून विहिरीकडच्या तुकड्याचं काय करणार, असं मनात आलं आणि मी पुढची ओळ वाचली. आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

स्क्रीन परत केली. काय बिघडलं, असं दुकानदाराने विचारलं, तेव्हा काही नाही म्हणालो. जुने दोन मॉनिटर पुन्हा मांडले, आप्पांना शेजारी बसवलं आणि कागद पहिल्यापासून वाचला. आक्काची ओळ आली तेव्हा डाव्या मॉनिटरवर बोट ठेवून ती दोनदा वाचली.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग कागदाची घडी करून खिशात घातली, चपला घातल्या आणि खडेबाजारात त्या टायपिस्टाकडे निघाले.