खुणांचे पत्ते

शेजारच्या काकूंचे पत्ते मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला ते हातात घ्यावेसे वाटले नाहीत. कडा पिंजलेल्या, कोपरे गोल झालेले, पाठीवरची निळी जाळी जागोजागी पुसलेली. एकाला तेलाचा डाग, एकावर चहाच्या कपाचं गोल कडं. मी इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात वाढले होते. तिथे रुमालाची घडी चुकली तरी कपाट पुन्हा लावावं लागे.

शाळा संपली होती आणि पुढे काय करायचं ते ठरत नव्हतं, म्हणून वडिलांनी मला पिंपरीला भावाकडे पाठवलं होतं. आणखीही एक कारण होतं, पण ते माझ्यापाशीच राहू दे. भाऊ औषधांच्या नव्या कारखान्यात केमिस्ट होता आणि कारखान्याच्या वसाहतीत त्याला, वहिनींना आणि मला मिळून दोन खोल्या होत्या. खिडकीतून ज्वारीची शेतं दिसत, त्यांच्या पलीकडे स्टेशन. सकाळचा भोंगा झाला की पुरुष जात आणि वसाहत बायकांची होई. मला त्या बायकांची भीती वाटे. माझं मराठी पुस्तकातलं होतं. मी "मला क्षमा करा" म्हणाले की त्या एकमेकींकडे बघून हसत. वाईट हेतू नसे, पण मी त्यामुळे आणखीच गप्प होई.

काकू भिंतीला भिंत लागून राहत. त्या रत्नागिरीकडच्या. त्यांचे यजमान पूर्वी बोटीवर होते, आता कारखान्यात बॉयलरवर. पत्ते त्यांनीच परदेशातल्या कुठल्याशा बंदरातून आणलेले, लग्नानंतरच्या पहिल्या खेपेला. नेहमीच्या इस्पिक-बदामांपेक्षा हे पत्ते लांब होते. काहींवर तलवारी, काहींवर पेले आणि वीस-बावीस पत्त्यांवर नुसती चित्रं. खाली फ्रेंच अक्षरं. काकूंनी मला ती वाचायला सांगितली. शाळेत थोडं फ्रेंच झालं होतं, म्हणून मी वाचली, अर्थ थोडाफार सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्याचा काही उपयोग केला नाही. त्या पत्त्यांना टॅरो म्हणतात हे मला फार पुढे कळलं. काकूंकडे प्रत्येक चित्राला आपलं नाव होतं. काठी आणि कंदील घेतलेला म्हातारा म्हणजे कंदीलबुवा. पाय वर बांधून लटकलेला तो उलटा पाहुणा. लांब दांड्याचा विळा घेऊन जमीन कापत सुटलेला सांगाडा, त्याला त्या गवत्या म्हणत. गवत्या निघणं फार वाईट, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

सगळ्यांत लाडका पत्ता म्हणजे पाणी भरणारी. ताऱ्यांखाली गुडघा टेकून बसलेली बाई, दोन्ही हातांत दोन घागरी. मूळ चित्रात तिच्या अंगावर कपडा नव्हता. काकूंनी दौतीतल्या शाईने तिला लुगडं नेसवलं होतं, पदरासकट.

दुपारची जेवणं आवरली की काकूंच्या पुढच्या खोलीत सतरंजी पडे. काकू चित्रांचे पत्ते उपडे पसरत, जिला विचारायचं असेल तिने मनात प्रश्न धरून एक उचलायचा, मग काकू सांगत. प्रश्न मोठे नसत. नवरा कायम होईल का, दिराचं लग्न ठरेल का, सासूबाई येणार आहेत त्या किती दिवस राहतील. गावातली दूधवाली मापटं बाजूला ठेवून उंबऱ्यात बसे. जुन्या शेतकरी घरातली बाई. तिला पत्त्यांत काही रस नव्हता, बोलण्यात होता.

"काकू, ह्यात म्हस न्हाई का एकबी?" ती विचारी. "एवढी कुत्री, घोडी, शिंव्ह हायती. म्हस आसती तर मी बी पत्ता वडला आसता."

"तुझी म्हैस इथे आली तर सतरंजी खाईल," काकू म्हणत.

एकदा तिने पाणी भरणारीचा पत्ता निरखून पाहिला आणि म्हणाली, "ही भरतीया कुठं? सांडतीया की."

काकूंनी पत्ता तिच्या हातातून काढून घेतला. "भरलेली आहे म्हणून सांडते. रिकामीला सांडता येतं काय?"

मी कोपऱ्यात बसून पाही. आठवड्याभरातच मला एक गोष्ट दिसली. वसाहतीत कुणालाही वाईट पत्ता निघत नव्हता. पाणी भरणारीच्या पाठीवर हळदीचा बोटभर डाग होता. सूर्याच्या पाठीवर चहाचं कडं होतं. कंदीलबुवा मधोमध दुमडलेला. आणि गवत्याचा एक कोपरा फाटून गेलेला होता. बायका हात फिरवत, डोळे मिटल्यासारखं करत, आणि बोट नेमकं हळदीवर किंवा कड्यावर थांबे. फाटक्या कोपऱ्याच्या आसपास कुणाचा हात जात नसे. मग काकू पत्ता उलटून बराच वेळ पाहत, जणू काय निघणार ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मला हे खटकलं. आमच्या शाळेत चेंडू रेषेबाहेर गेला की जिच्या हातून गेला तिने स्वतःच हात वर करायचा, असा नियम होता. मला वाटलं, काकूंच्या लक्षात येत नसेल. त्यांना बिचाऱ्यांना फसवतात सगळ्या.

याच दिवसांत वहिनींना सातवा सुरू होता. आदल्या वर्षी सातव्यातच त्यांचं बाळ गेलं होतं, मी यायच्या आधी. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. वहिनी दिवसभर कामात असत आणि मधेच हातातलं काम थांबवून पोटावर हात ठेवून उभ्या राहत, काहीतरी ऐकत असल्यासारख्या. पुन्हा हालचाल जाणवली की काम सुरू. महिनाअखेर त्यांचे वडील साताऱ्याहून त्यांना न्यायला येणार होते. जाण्याआधी काकूंकडे पत्ता उचलायचा, हे त्यांनी ठरवून ठेवलं होतं. एवढं एकच त्या मला दोनतीनदा बोलून दाखवत, सहज बोलल्यासारखं.

एके दिवशी मी भावाच्या पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं घालत बसले होते. काकू मीठ मागायला आल्या आणि बघत उभ्या राहिल्या.

"हात नीट आहे गो तुझा," त्या म्हणाल्या. "माझ्या पत्त्यांचं पण काय तरी कर. पापुद्रे सुटायला लागलेत."

वसाहतीत मला कुणी पहिल्यांदाच काही काम सांगत होतं. मी त्याच संध्याकाळी निर्वासितांच्या कॅम्पातल्या दुकानातून चांगला जाड खाकी कागद आणला आणि मैद्याची खळ शिजवली. काकूंनी फक्त सुटलेले पापुद्रे चिकटवायला सांगितले होते. मी मात्र ठरवलं की सगळ्याच पत्त्यांच्या पाठीला एकसारखा खाकी कागद लावायचा. मजबूत होतील, आणि कुठला पत्ता कुठला ते पाठीवरून कुणालाही कळणार नाही. काकूंना मी हे आधी सांगितलं नाही. त्यांना आश्चर्याचा आनंद द्यायचा होता.

दुसऱ्या दिवशी वहिनी आतल्या खोलीत पडल्या होत्या. मी पुढच्या खोलीत जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसले. हात बसावा म्हणून आधी तलवारींचे पत्ते घेतले, ते काकू वापरत नसत. कागद कापला, खळ लावली, वरून इस्त्री ठेवली. चारपाच छान झाले, अगदी नवे दिसायला लागले. मग चित्रांचे पत्ते ओढले. वर पाणी भरणारी होती. तिच्या मापाचा कागद कापून मी खळीत बोट बुडवलं, तेवढ्यात वहिनी दारात आल्या.

त्यांनी आधी वाळत घातलेले पत्ते पाहिले, मग माझ्या हातातला. त्यांना खाली बसायला वेळ लागे. भिंतीला धरून त्या बसल्या आणि म्हणाल्या, "वन्सं, हे सगळ्यांना लावणार?"

मी हो म्हटलं. मग मी जे पाहिलं होतं ते सगळं सांगितलं. डाग, कडं, फाटका कोपरा, बायकांची बोटं. मला वाटलं, त्यांना नवल वाटेल. त्या ऐकत राहिल्या, आणि मग त्यांनी ढिगातून गवत्या शोधून काढला. उपड्या पत्त्यांतून त्यांना तो क्षणात सापडला.

"हा आधी फाटका नव्हता," त्या म्हणाल्या. "मागच्या वर्षी मी उचलला तेव्हा चांगला होता. सगळे सारखेच होते तेव्हा. पंधरा दिवसांत ते झालं. मी दवाखान्यातून आले तर काकू दारातच होत्या. त्यांनी माझ्यासमोर ह्याचा कोपरा फाडला. म्हणाल्या, आता हा कुणाला चुकून लागायचा नाही."

इस्त्री अजून पत्त्यांवर होती, तिचा वास येत होता.

"मी पत्त्यांना मानत नाही हो," वहिनी म्हणाल्या. "तुमचे भाऊ म्हणतात तेच खरं. पण न बघता उचलायची हिंमत नाही मला. ती हळदीची तेवढी तशीच राहू द्या."

हे बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांचा हात पोटावर होता आणि त्या पुन्हा ऐकत होत्या.

मी पाणी भरणारी कोरड्या फडक्याने पुसून बाजूला ठेवली. मग तलवारींवरचा खाकी कागद काढायला बसले. खळ अजून ओली होती, पण कागदाबरोबर पाठीवरची निळी जाळीही निघाली. वहिनी मदतीला आल्या आणि त्यांच्या हातूनही निघाली. तलवारींच्या पाठीवर पांढरे चट्टे पडले, उंदराने कुरतडल्यासारखे. चित्रांच्या पत्त्यांचे मी फक्त सुटलेले पापुद्रे चिकटवले, बारीक काडीने खळ आत सारून. कंदीलबुवाची दुमड तशीच ठेवली. चहाचं कडं पुसायला गेले नाही.

पत्ते परत देताना मी काकूंना सगळं सांगितलं, काय करणार होते तेही. माझ्या पुस्तकी मराठीत ते फारच गंभीर झालं असावं. काकूंनी तलवारी हातात धरून चट्टे निरखले.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं ह्या तलवारी काय ओळखू येत नव्हत्या. आता येतील."

आणि त्यांनी मला आत बोलावून भाकरी वाढली. दारातूनच परत पाठवलं नाही, एवढं मला कळलं.

वहिनींनी जायच्या आदल्या दुपारी पत्ता उचलला. खोलीत नेहमीपेक्षा जास्त बायका होत्या आणि सगळ्यांना काहीतरी दुसरंच काम होतं. एक तांदूळ निवडत होती, एक लोकर गुंडाळत होती. कुणी सतरंजीकडे बघत नव्हतं. काकूंनी पत्ते पसरले. मी पाहिलं की पाणी भरणारी त्यांनी अगदी वहिनींच्या गुडघ्याजवळ ठेवली होती, म्हणजे वाकावं लागू नये. वहिनींनी पद्धतीप्रमाणे सगळ्यांवरून एकदा हात फिरवला, गवत्यावरून जरा भरकन, आणि हळदीवर बोट ठेवलं.

काकूंनी पत्ता उलटला. बराच वेळ पाहिला. मी या क्षणाची इतकी वाट पाहत होते की मलाही खरंच वाटलं, दुसरं काही निघेल की काय.

"पाणी भरणारी," त्या म्हणाल्या. "दोन्ही घागरी भरलेल्या. जा, सुखरूप ये."

"म्या सांगितलंच हुतं," दूधवाली उंबऱ्यातून म्हणाली. तिने तसं काहीच सांगितलं नव्हतं. बायका हसल्या, आणि वहिनीही हसल्या, बऱ्याच दिवसांनी मोठ्याने. त्या रात्री त्या एका कुशीवर शांत झोपल्या, असं भावाने सकाळी सांगितलं.

त्या साताऱ्याला गेल्यावर मी रोज काकूंच्या खोलीत बसायला लागले. पोस्टमन दिसला की आमच्या घराकडे सगळ्यांचं लक्ष असे. शेवटी भावाला कारखान्यात तार आली आणि तो भोंगा व्हायच्या आधीच घरी आला. मुलगा झाला होता, दोघंही बरी होती. काकू पेढे वाटत फिरल्या, जणू त्यांच्याच घरात झालं होतं.

वहिनी परतल्या तेव्हा बाळ चार महिन्यांचं होतं. जाड, शांत, हाताला येईल ते तोंडात घालणारं. पहिल्याच दुपारी काकूंनी त्याला सतरंजीवर बसवलं, मागून मी धरलं होतं. पत्ते पसरायला घेतले एवढ्यात त्याने एक ओढला आणि हिरड्यांखाली धरला. वहिनी घाबरून काढायला लागल्या. काकू म्हणाल्या, राहू दे, त्याला विचारायचं असेल काही. त्याने सोडला तेव्हा तो रथाचा पत्ता निघाला. एक बाजू ओली, मऊ, चघळलेली. मी तो उन्हात वाळवला. वाळल्यावर ती बाजू लाटेसारखी वर उचललेली राहिली.

त्याच आठवड्यात समोरच्या घरातली एक बाई विचारायला आली, तिचा नवरा बदलीची वाट पाहत होता. तिने डोळे मिटले, सगळ्या पत्त्यांवरून हात फिरवला, आणि रथाच्या त्या उचललेल्या कडेपाशी थांबली.